एका बाजूला जड असलेला मोठा ठोकळा लेथवर चढवला की स्टँड थरथरतं, उपाय काय?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. दिंडोरीकडे आमच्या शेताच्या बांधावरची जुनी चिंच वळवाच्या पावसात आडवी झाली. बुंधा जाळायला द्यायचं जिवावर आलं. तुकडे करून घेतले, टोकांना मेण फासलं आणि शेडमध्ये सावलीला ठेवले. त्यातल्या एका तुकड्याचा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, मोठा वाडगा करायचा आहे.

ठोकळा साधारण ४० सेंमी व्यासाचा, १८ सेंमी जाड. लाकूड अजून ओलं आहे, त्यामुळे वजन २५ किलोच्या आसपास भरतं. एका अंगाला साल आणि फिकं पिवळसर लाकूड, तर दुसऱ्या अंगाला काळपट जांभळा गाभा आणि त्यात एक टणक गाठ. म्हणजे एक बाजू उघडच जड आहे.

लेथचा बेड बिडाचा आहे, स्टँड अँगल वेल्ड करून केलेलं. दोन्ही मिळून ९० किलो. मोटर १ एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम. मोटरवर अडीच इंची पुली, स्पिंडलवर (लाकूड फिरवणारा दांडा) सात इंची, म्हणजे कमीत कमी वेग ५०० च्या थोडा वर. खाली शहाबादी फरशी. लहान कामाला मशीन एकदम शांत चालतं. हा ठोकळा फेसप्लेटवर (स्पिंडलवरची तबकडी, तिला लाकूड स्क्रूने आवळतात) लावून चालू केला तर स्टँड फरशीवरून सरकायला लागलं आणि टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) खडखडायला लागलं. लगेच बंद केलं.

कोणी म्हणतं खाली वजन टाक, कोणी म्हणतं बोल्ट मारून जमिनीला आवळ, कोणी रबराचे पॅड सुचवतं. आधी काय करू? चिंचेचं एवढं मोठं लाकूड परत मिळायचं नाही, त्यामुळे ते वाया जाऊ द्यायचं नाही.

कातारी

दादा, तुम्ही विचारलेले तिन्ही उपाय मशीनचे आहेत. थरथर मशीनमधून येत नाहीये, लाकडातून येतेय. आधी ठोकळा, मग वेग, मग मशीन या क्रमाने जा.

फेसप्लेट काढून ठेवा. ठोकळा दोन सेंटरच्या मध्ये धरा, एका बाजूला हेडस्टॉकवर (मोटरकडचं टोक) चार दातांचा ड्राइव्ह सेंटर आणि टेलस्टॉकला (समोरचं सरकतं टोक) फिरता सेंटर. फेसप्लेटचे स्क्रू एकदा मारले की मध्य हलवता येत नाही. सेंटरवर असताना हवा तसा हलवता येतो आणि सगळा फायदा तिथेच आहे. दात बसणार असतील तिथली साल पटाशीने पूर्ण काढा आणि दातांसाठी खाचा करून घ्या. ओल्या लाकडात दात नुसते आवळून धरत नाहीत, जागच्या जागी फिरून भोक पाडतात.

मग पट्टा पुलीवरून उतरवा आणि ठोकळा हाताने हलका फिरवून सोडून द्या. तो झुलेल आणि जड बाजू खाली येऊन थांबेल. खडूने खूण करा. दोन्ही टोकांचे सेंटर त्या जड बाजूकडे थोडे सरकवा. परत फिरवा, परत बघा. ठोकळा सोडाल तिथेच थांबायला लागला की झालं.

सरकवण्याआधी एक गोष्ट मोजा. मध्य जड बाजूकडे गेला की हलकी बाजू तेवढीच बाहेर जाते. ती बेडला घासत नाही ना आणि टूल रेस्टला अडत नाही ना, हे पूर्ण एक फेरा हाताने फिरवून बघायचं.

टूलरूम_सातपूर

मी लाकडातला माणूस नाही. सातपूरला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पण वर कातारींनी जे सांगितलं तेच आम्ही ग्राइंडिंग व्हीलला करायचो. व्हील मँड्रेलवर (मधल्या दांड्यावर) चढवायचं, मँड्रेल दोन समांतर, लेव्हलमध्ये असलेल्या धारांवर ठेवायचा आणि सोडायचा. जड बाजू खाली येते. फ्लँजच्या (व्हील धरणाऱ्या चकतीच्या) खाचेत सरकती वजनं असतात, ती हलवत हलवत व्हील कुठेही थांबेल असं करायचं. पट्टा काढायला सांगितलाय ते यासाठीच. पट्ट्याची ओढ असली की बारीक फरक कळत नाही, ठोकळा खोटं बोलतो.

आमच्याकडे वाकडंतिकडं कास्टिंग फेसप्लेटवर अँगल प्लेट लावून फिरवायचं असलं, तर समोरच्या बाजूला लोखंडी वजन बोल्टने बांधायचो. लाकडाला पण तसं करता येईल, मात्र मी तुम्हाला ते पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. कास्टिंगवरून एका वेळी थोडाच धातू निघतो, त्यामुळे एकदा लावलेलं वजन बराच वेळ चालतं. लाकडाची गाऊज (खोलगट पटाशी) थोड्या मिनिटांत किलो-दोन किलो उतरवते. म्हणजे दहा मिनिटांत तेच वजन उलट्या बाजूचा असमतोल होऊन बसतं. शिवाय एक बोल्ट ढिला झाला तर ते वजन तुमच्या तोंडाच्या उंचीवर फिरत असतं, हे विसरू नका.

भौतिक

काही आकडे मांडतो, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवता येईल.

फिरत्या वस्तूचा वजनाचा मध्य अक्षापासून जितका दूर, त्या प्रमाणात बाहेर ओढणारं बल वाढतं. वेग दुप्पट केला तर मात्र तेच बल चौपट होतं. धरून चाला की २५ किलोच्या ठोकळ्याचा वजनाचा मध्य अक्षापासून फक्त १ सेंमी बाजूला आहे. ५०० आरपीएमला बल येतं सुमारे ७० किलोच्या भाराएवढं. हा भार एका जागी नसतो, सेकंदाला आठ वेळा दिशा बदलून वर, पुढे, खाली, मागे ओढत राहतो. तुमचं मशीन स्टँडसकट ९० किलो. ते फरशीवर सरकलं यात नवल नाही.

तोच ठोकळा २५० आरपीएमला चालवला तर बल १७-१८ किलोवर येतं. काहीही न कापता, एकही बोल्ट न मारता एक चतुर्थांश झालं. आणि चुकून ७५० ला गेलात तर १५० किलोच्या पुढे.

आता समतोलाकडे. हा १ सेंमीचा फरक वजन कापून घालवायचा असेल, तर १८ सेंमी त्रिज्येवरून, म्हणजे जवळजवळ कडेवरून, सुमारे १.४ किलो लाकूड काढावं लागेल. हे सव्वा लिटरपेक्षा जास्त लाकूड झालं. सेंटर १ सेंमी सरकवला की तेच काम एका घावात होतं. त्याची किंमत म्हणजे वाडग्याचा व्यास दोनेक सेंमीने कमी होईल. मला हा सौदा फार स्वस्त वाटतो.

रबराबद्दल. मऊ पॅडवर मशीन मोकळं झालं की हादरे जमिनीत कमी जातात, शेजाऱ्यांना बरं वाटतं. पण मशीन स्वतः जास्त हलतं. मोकळं असताना ते किती हलेल याचा ढोबळ हिशोब: असमतोलाला एकूण वजनाने भागायचं. २५ किलो गुणिले १ सेंमी, भागिले ११५ किलो, म्हणजे दोन मिलिमीटरच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना. तेवढं हलणाऱ्या टूल रेस्टवर गाऊज टेकवून बघा म्हणजे कळेल. खाली आणखी १०० किलो टाकले तर तेच हलणं एक मिलिमीटरवर येतं. मोठ्या ओबडधोबड कामाला मऊ रबर नको, हे माझं स्पष्ट मत.

गंगापूररोडकर

भौतिक, खूप आभार. वेगाचा वर्ग होतो हे शाळेत शिकलो होतो, पण ७० किलो आणि १७ किलो असं समोर आल्यावर पटलं.

आता वेग २५० वर आणायचा कसा? माझ्या पुलीवर त्याच्या खाली गिअर नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावू का? अंबडला ओळखीच्या दुकानात मिळेल.

ओझरकर

तुमची मोटर सिंगल फेज, कपॅसिटरवाली आहे. नेहमीचा व्हीएफडी त्यावर चालत नाही. थ्री फेज मोटर घ्यावी लागेल. घरात सिंगल फेज लाइन असली तरी चालतं, सिंगल फेज आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारे ड्राइव्ह मिळतात. वेग हातात येतो ही मोठी सोय आहे. मोटर जुनी घेतलीत तर आधी बेअरिंग तपासा.

पण व्हीएफडी घेतला म्हणून पुली बदलायची नाही, असं करू नका. ५० हर्ट्झची मोटर २५ वर चालवली तर ताकद निम्मी होते, कारण टॉर्क (फिरवायचा जोर) तेवढाच राहतो आणि वेग अर्धा. त्यात मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही अर्ध्या वेगाने फिरतो. जड काम, कमी हवा, मोटर तापते. पुलीने वेग उतरवला तर उलट स्पिंडलवर टॉर्क वाढतो. म्हणून मोठी घट पुलीने करा आणि ड्राइव्हने फक्त वरखाली करा.

आत्ता खर्च नको असेल तर मोटर आणि स्पिंडलच्या मध्ये एक काउंटरशाफ्ट (जास्तीचा शाफ्ट) टाका. दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंग बसवलेले ठोकळे), एक शाफ्ट, मोटरचा पट्टा त्याच्या सहा इंचीवर, त्याच शाफ्टवरच्या तीन इंचीवरून पुढे स्पिंडलला, म्हणजे आणखी निम्मा वेग. तुमच्या आताच्या गुणोत्तराला जोडलं तर २५० च्या आसपास येईल. त्यासाठी पहिल्या टप्प्यात किती घट होतेय ते आधी कागदावर मांडा, मग पुली आणा. दोन्ही पट्टे ताणायला मोटरच्या पायाला स्लॉट ठेवा.

ड्राइव्हचा एक फायदा मात्र पुलीत नाही. प्रत्येक स्टँडचा एक असा वेग असतो की तिथे ते उगाच जास्त थरथरतं, आणि त्याच्या थोडं खाली किंवा वर शांत होतं. नॉब असला की त्या जागेपासून बाजूला होता येतं. पण ओबड ठोकळा असेल तर खालीच जायचं, थरथर ओलांडून वर जायचा मोह नको.

निफाडची_वेल

मी द्राक्षाच्या जुन्या खोडांवर काम करते. बाग काढली की खोडं चुलीत जातात, त्यातली चांगली मी उचलते. ती कधीच गोल नसतात, त्यामुळे थरथर हा माझा रोजचा विषय आहे.

दादा, तुमची फरशी बघा. शहाबादी फरशी खाली पुष्कळदा पोकळ असते, नाण्याने ठोकून बघा, डबडब आवाज येतो. अशा फरशीवर स्टँडचा एक पाय उभा असेल तर वर कितीही वजन टाका, तो पाय नाचणार. मी माझ्या लेथखालच्या फरश्या उचलून तिथे काँक्रीट केलं. ते जमत नसेल तर निदान चारही पायांखालची फरशी भरीव आहे अशी जागा शोधा. आणि चारही पाय टेकलेत का ते बघायला प्रत्येक पायाखालून कागदाची पट्टी ओढून बघा. जो पाय कागद सहज सोडतो, तिथे पातळ पत्रा घाला.

दुसरं, स्टँड. अँगलचा चौकोन बाजूने ढकलला की तिरका होतो. आडवी-तिरपी पट्टी, कात्रीसारखी, मागे आणि दोन्ही बाजूंना वेल्ड करून घ्या. पाय खाली थोडे बाहेर फाकवलेले असले तर फार फरक पडतो, कारण लेथ पुढे-मागे झुलतो तो जास्त त्रास देतो.

तिसरं, वाळू. खालच्या पट्ट्यांवर प्लायवूडची पेटी करा. ६० बाय ४० बाय २५ सेंमीची पेटी म्हणजे ६० लिटर, त्यात कोरडी वाळू ९०-९५ किलो मावते. वाळू उन्हात वाळवूनच भरा, ओली असेल तर अँगल गंजतो. पेटी स्टँडला बोल्टने घट्ट हवी. नुसती ठेवली तर तीच वेगळी उड्या मारते. लोखंडी वजनापेक्षा मला वाळू आवडते, कारण ती कण घासून हादरा खाते, लोखंड फक्त जड असतं.

टूलरूम_सातपूर

ताईंचं कागदाचं सांगणं अगदी बरोबर. त्यात एवढंच घालतो: जमिनीला आवळायचं ठरवलंत तर आधी लेव्हल, मग बोल्ट. वाकड्या जमिनीवर पाय जबरदस्तीने आवळले तर बेड पिळतो. मग हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं समोरासमोर येत नाहीत. बोल्ट आवळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना टेकवून बघा. सरकली असतील तर त्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) घाला.

कातारी

मशीनचं खूप झालं, आता पहिल्या काटाबद्दल. कारण समतोल करूनही ठोकळा गोल नसतो, आणि हत्यार अर्धा वेळ हवेत, अर्धा वेळ लाकडावर आपटतं. पुष्कळ जण या आपटण्यालाच थरथर समजतात.

चेनसॉने आधी कोपरे काढा, जितकं गोल तितकं बरं. टेलस्टॉक शेवटपर्यंत लावलेला असू द्या, क्विल (टेलस्टॉकमधून बाहेर येणारी नळी) कमीत कमी बाहेर आणि लॉक केलेली. बाऊल गाऊज घ्या. स्पिंडल रफिंग गाऊज वाडग्याला कधीही लावायची नाही, तिचं शेपूट (मुठीत जाणारा भाग) बारीक असतं आणि आडव्या रेषांत अडकली की तिथेच मोडते. मूठ कमरेला टेकवा, हात आणि अंग एकत्र हलू द्या. हत्यार पुढे ढकलायचं नाही, लाकडाला हत्याराकडे येऊ द्यायचं. बाहेरची बाजू करताना तळाकडून कडेकडे जायचं. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि दर थोड्या वेळाने बंद करून टूल रेस्ट जवळ घ्या, कारण लाकूड जातं तसं अंतर वाढतं.

तोंडावर पूर्ण शील्ड, हातमोजे नाहीत, ओढणी किंवा उपरणं नाही. चालू करताना ठोकळ्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. बंद करायचं बटण टेलस्टॉकच्या टोकाशी घ्या, म्हणजे फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागत नाही.

एक राहिलं. फेसप्लेट वापराल तेव्हा ड्रायवॉलचे काळे स्क्रू नकोत. ते ठिसूळ असतात, बाजूने जोर आला की डोकं तुटतं. चांगले लाकडाचे स्क्रू, प्रत्येक भोकात एक.

गंगापूररोडकर

मंडळी, बरंच काही करून झालं, म्हणून सांगायला आलो.

सेंटरवर धरून झुलवला तर गाठीची बाजू धाडकन खाली आली. सेंटर सरकवत गेलो, एकूण दीड सेंमीच्या आसपास गाठीकडे गेलो. चेनसॉने समोरचा एक फुगीर भाग काढायचं मनात होतं, पण तो हलक्या बाजूचा होता. तो काढला असता तर गाठीची बाजू आणखी जड पडली असती, म्हणून आधी गाठीकडचे दोन कोपरे उतरवले, मग परत झुलवून बघितलं. फुगीर भाग शेवटी गाऊजनेच गेला.

काउंटरशाफ्ट बसवला. स्पिंडल आता २५० च्या जवळ फिरतो. स्टँडला तिरप्या पट्ट्या आणि वाळूची पेटी लावली. ताई, कागदाच्या पट्टीने मागचा डावा पाय लगेच सापडला, फरशीही तिथेच पोकळ वाजत होती. लेथ हातभर उजवीकडे घेतला.

चालू केल्यावर फरक इतका की बेडवर ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यावर बारीक वलयं येतात एवढंच. आधी स्टँड चालायला लागलं होतं. सालीचा शेवटचा पट्टा निघाला तेव्हा आवाज ठक-ठक वरून सलग सर्र असा झाला. बाहेरचा आकार उतरला, तळाला चकसाठी (लाकूड पकडणारा जबडा) कड काढली.

पण आज सकाळी तोच ठोकळा चालू केला तर परत थरथर. काल संध्याकाळी मी तो तसाच सेंटरवर ठेवून गेलो होतो. कोणी हात लावलेला नाही. सेंटर ढिले झालेत का बघितलं, नाही.

कातारी

पाणी. ओलं लाकूड रात्रभर एका स्थितीत उभं राहिलं की आतलं पाणी खालच्या अंगाला उतरतं, आणि वरचं अंग आधी वाळतं. सकाळी खालचं अंग जड. पट्टा काढून झुलवा, काल जो भाग खाली होता तोच आज खाली येईल.

आज कमी वेगाने थोडा वेळ फिरवा आणि एक हलका काट घ्या, परत जुळेल. पुढच्या वेळी काम अर्धवट सोडायचं असेल तर ठोकळा काढून आडवा, तळावर ठेवा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. त्याहून बरं म्हणजे एका बसणीत आतलं पोकळ करून टाका. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवा, म्हणजे तुमच्या वाडग्याला ४ सेंमी. मग त्याच्याच भुशात, कागदी पिशवीत, वाऱ्यापासून लांब. आपल्याकडचा एप्रिल-मे लाकडाला फार निर्दय आहे, त्या दिवसांत टोकाच्या रेषांवर मेणाचा हात परत द्या. वाळल्यावर वाडगा लांबट होतो, तेव्हा दुसऱ्यांदा चढवाल तेव्हा थरथर पुन्हा येईल. पण तेव्हा वजन थोडंच राहिलेलं असतं.

निफाडची_वेल

माझा एक प्रश्न आहे, या धाग्यातच विचारते. मी दोन फूट लांबीचं खोड सेंटरमध्ये धरलं, पट्टा काढून झुलवलं, कुठेही सोडलं तरी थांबतं. म्हणजे समतोल झाला ना? तरी चालू केलं की हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्ही थरथरतात. वेग कमीच आहे.

टूलरूम_सातपूर

ताई, झुलवून जो समतोल बघतो तो एकाच पातळीतला. तुमच्या खोडाच्या एका टोकाला जड बाजू वर आणि दुसऱ्या टोकाला जड बाजू खाली असेल, तर दोन्ही एकमेकांना फिटतात आणि खोड कुठेही थांबतं. फिरायला लागलं की मात्र एक टोक वर ओढतं आणि दुसरं खाली, सतत आलटून पालटून. दादांच्या १८ सेंमी जाड ठोकळ्यात हे फार जाणवत नाही, दोन फुटांत जाणवणारच.

झुलवून ते कळायचं नाही. कमी वेगावर चालू करून एक हात हेडस्टॉकवर, एक टेलस्टॉकवर ठेवा, कुठे जास्त हादरा आहे ते बघा. त्या टोकाला खडू अगदी हलका धरा, जिथे खडू लागेल ती बाजू बाहेर गेलेली आहे. ती उंच बाजू तेवढ्याच टोकाला आधी उतरवा, मग दुसऱ्या टोकाला तेच करा. मधल्या भागाला दोन्ही टोकं गोल होईपर्यंत हात लावू नका. द्राक्षाच्या खोडाला वाकही असतो, तेव्हा दोन्ही टोकांचे सेंटर वेगवेगळ्या दिशेला सरकवावे लागले तर सरकवा. खोडाचा फोटो टाकता आला तर कुठून सुरुवात करायची ते नक्की सांगतो.